अहवालात 'निरंक' लिहिलंय, पण लिहिलं कुणी? कंपनीचे संचालक आणि भ्रष्टाचाराची माहिती

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्याकडं सभांचा सीझन सुरू होतो. कारखान्याची वार्षिक सभा, पतसंस्थेची, सोसायटीची, आणि ज्यांच्याकडं थोडेफार शेअर आहेत त्यांच्या मेलवर कंपन्यांचे जाडजूड अहवाल. सांगलीत आमच्या शेजारी एक काका राहतात, सत्तरी ओलांडलेली. त्यांच्याकडं सांगली बँकेचे शेअर होते, २००७ ला ती बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली तेव्हा त्याचे आयसीआयसीआयचे शेअर झाले आणि तिथनं त्यांना या सगळ्याची गोडी लागली, अशी बरीच घरं सांगलीत सापडतील तुम्हाला. परवा ते एका दुसऱ्याच कंपनीचा अहवाल मोबाईलवर उघडून घेऊन आले, तीनशेच्या वर पानं, आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. लाचखोरी-भ्रष्टाचाराच्या आरोपावरून झालेल्या कारवाया: निल. म्हणजे आपल्या भाषेत निरंक. मागच्या वर्षी पण निरंक.

"एवढी मोठी कंपनी, सरकारी कामं घेती, हजारो माणसं कामाला, आणि एक पण प्रकरण नाही? हे चांगलं म्हणायचं का लपवलंय म्हणायचं, सांग."

मी बरीच वर्षं कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला काढली आहेत त्यामुळं असले प्रश्न माझ्याकडं येतात. काकांना मी म्हटलं, नुसता तो रकाना बघून काहीच कळणार नाही, तो रकाना ज्यांच्या डोळ्याखालनं गेला ती माणसं कोण आहेत ते आधी बघायला लागतं. मग दोन तास बसलो. त्यांना जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही.

आधी हे समजून घेऊ की कंपनी काय सांगते आणि कुठं सांगते

पेपरात भ्रष्टाचाराची बातमी येते ती वेगळी गोष्ट. इथं आपण बोलतोय ते कंपनीनं स्वतःहून स्वतःबद्दल दिलेल्या माहितीबद्दल, याला डिस्क्लोजर म्हणतात. आमच्याकडं लाच घेण्या-देण्याविरुद्ध धोरण आहे का, कामगारांना त्याचं ट्रेनिंग दिलं का, तक्रार करायची सोय आहे का, वर्षात किती तक्रारी आल्या, कुणावर कारवाई झाली, दंड किती भरला, राजकीय पक्षाला देणगी किती दिली, असं सगळं.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं यासाठी एक फॉर्मच ठरवून दिलाय, त्याला बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनॅबिलिटी रिपोर्ट) म्हणतात. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० लिस्टेड (म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्यात नऊ तत्त्वं आहेत आणि पहिलंच तत्त्व नीतिमत्ता आणि पारदर्शकतेचं, काकांचा रकाना तिथलाच. याशिवाय संचालकांचा अहवाल, कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा अहवाल आणि ऑडिटरचा अहवाल, या तीन ठिकाणी पण तुकड्या-तुकड्यानं माहिती असते. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच सांगतो, एकाच कंपनीच्या या चार जागा शेजारी ठेवून वाचल्या की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागतात.

निरंक खरं असून पण अर्धवट कसं असतं

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्या रकान्यातला प्रश्न नीट वाचा. प्रश्न असा आहे की लाचखोरी किंवा भ्रष्टाचाराच्या आरोपावरून किती संचालक, वरिष्ठ अधिकारी, कर्मचारी, कामगार यांच्यावर *कायदा राबवणाऱ्या यंत्रणेनं* कारवाई केली. म्हणजे पोलीस, सीबीआय, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग असं कुणीतरी.

आता समजा कंपनीच्या परचेस मॅनेजरनं सप्लायरकडनं टक्केवारी खाल्ली, कंपनीला कळलं, आणि गाजावाजा नको म्हणून त्याचा राजीनामा घेऊन त्याला घरी पाठवला. पोलिसांत कुणीच गेलं नाही. तर त्या रकान्यात काय लिहायचं? निरंक. आणि ते खोटं पण नाही! प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे, फक्त आपल्याला जे जाणून घ्यायचं होतं ते त्यात नाही.

याच विषयावर जीआरआय नावाची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, त्यातलं २०५ नंबरचं मानक भ्रष्टाचाराबद्दलचं. ते विचारतं की भ्रष्टाचाराचे सिद्ध झालेले प्रकार किती, त्यातल्या कितींमध्ये कर्मचाऱ्याला काढलं किंवा शिक्षा केली, किती ठेकेदारांचे करार रद्द केले. म्हणजे तोच परचेस मॅनेजर सेबीच्या रकान्यात दिसत नाही पण इथं दिसतो. कंपनीनं ही जादा माहिती द्यायची का नाही, हे ठरवतं कोण? मॅनेजमेंट मसुदा करतं आणि मंजुरी देतं संचालक मंडळ. म्हणून कायद्यानं सांगितलंय तेवढंच लिहिणारं मंडळ आणि त्याच्या पुढं जाऊन लिहिणारं मंडळ, हा जो फरक आहे तो माणसांमुळं पडतो.

संचालक म्हणजे मैदानातले पंच

आपल्या भागात कुस्ती सगळ्यांना कळते म्हणून तेच उदाहरण घेतो. कुंडलचं मैदान असू दे नाहीतर गावच्या यात्रेतलं, पंच नेमताना लोक दोनच गोष्टी बघतात. एक, त्याला डाव कळतात का. पैलवानानं ढाक मारली का नुसताच रेटला, खांदे टेकले का नाही, हे क्षणात ओळखता आलं पाहिजे. दुसरं, तो कुठल्या तालमीचा आहे. ज्याच्या तालमीचा पोरगा आखाड्यात उभा आहे त्याला पंच म्हणून कोण उभा करंल? केला तरी निकालावर कुणाचा विश्वास बसणार नाही, मग निकाल खरा असला तरी.

संचालक मंडळाचं अगदी हेच आहे. डाव कळणं म्हणजे तज्ज्ञपणा आणि तालीम म्हणजे त्याची नाती, त्यात राजकीय नातं सगळ्यात वजनदार. यातलं एक असून चालत नाही, दोन्ही बघायला लागतं, आणि दोन्हीचा एकमेकावर परिणाम होतो.

कायद्यानं पहिल्या गोष्टीची बऱ्यापैकी सोय केलीय. लिस्टेड कंपनीत किमान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात, म्हणजे मालक घराण्याशी (याला प्रमोटर म्हणतात) नातं नसलेले आणि कंपनीशी पैशाचे व्यवहार नसलेले. हिशेब आणि तक्रारी बघायला ऑडिट कमिटी असते, तिच्यात दोन-तृतीयांश स्वतंत्र संचालक, सगळ्यांना ताळेबंद वाचता आला पाहिजे आणि निदान एकाला तरी हिशेबातलं खरं ज्ञान पाहिजे. गुपचूप तक्रार करायची सोय ठेवणं पण २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र बघा. स्वतंत्र संचालकाची जी व्याख्या कायद्यात आहे, कलम १४९, त्यात राजकीय नात्याचा उल्लेखच नाही. नात्यागोत्याचं विचारलंय, पैशाचं विचारलंय, पक्षाचं नाही. आपण साधं डीमॅट खातं उघडायला गेलो तरी फॉर्मवर चौकट असते, तुम्ही राजकीय पदावरची व्यक्ती आहात का, किंवा तिच्याशी संबंधित आहात का, हो का नाही. पाच हजाराचे शेअर घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न आणि हजारो कोटींच्या कंपनीच्या संचालकाच्या ओळखीच्या पानावर त्यासाठी चौकट नाही. मला हे बरोबर वाटत नाही आणि मी ते कुठंही बोलायला तयार आहे.

डाव ओळखणारा आत असला की काय बदलतं

लाच कधी "लाच" या नावानं खात्यात पडत नाही. ती पडते लायझनिंग चार्जेस, कन्सल्टन्सी, कमिशन, साइट खर्च, बिझनेस प्रमोशन अशा नावानं, आणि बिल असतं, जीएसटी असतो, सगळं रीतसर. ज्याला यातलं कळत नाही तो संचालक बेरीज बरोबर आहे का बघतो आणि सही करतो. ज्याला कळतं तो विचारतो, या माणसानं नेमकं काम काय केलं, कागद दाखवा.

हे मी डोळ्यानं बघितलंय. मी ज्या ठिकाणी होतो (नाव लिहीत नाही) तिथं दर महिन्याला एका कन्सल्टंटचं बिल यायचं, गोल रक्कम, खाली एक ओळ, सोबत रिपोर्ट नाही काही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले तू एन्ट्री टाक. टाकली. पोटाचा प्रश्न होता, आज पण त्याचं वाईट वाटतं. दोन वर्षांनी मंडळावर एक रिटायर्ड बँकवाले साहेब आले. पहिल्याच मिटिंगला त्यांनी मोठ्या खर्चांची यादी मागवली आणि त्या बिलापुढं पेन्सिलनं एवढंच लिहिलं, "कामाचा अहवाल?" पुढच्या महिन्यापासनं बिल यायचं बंद. भाषण नाही, भांडण नाही, तीन शब्दसुद्धा नाहीत पुरते.

तज्ज्ञ माणसाचा परिणाम असा होतो आणि तो अहवालात पण उतरतो, कारण ज्याला प्रश्न विचारता येतो त्याला उत्तर लिहून पण घेता येतं. "आमचं धोरण शून्य सहनशीलतेचं आहे" एवढ्यावर तो थांबत नाही, तक्रारी किती, निकाली किती, बाकी किती, असा तक्ता मागतो.

पण तज्ज्ञ म्हटलं की सगळे सीएच डोळ्यापुढं आणतात, तसं नाही. हिशेबवाल्याला आकडे कळतात, पण बिल रीतसर असलं की आकडा ओरडत नाही. तिथं त्या धंद्यात मुरलेला माणूस लागतो, ज्याला माहीत असतं की अमुक परवान्याला सरकारी फी किती आणि दिलेत किती. आणि कायद्याचा माणूस लागतो ज्याला माहितीय की २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारा पण गुन्हेगार आहे, जबरदस्तीनं द्यायला लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका, आणि कंपनीसाठी कुणी लाच दिली तर कंपनीवर पण केस होते, बचाव एकच की आम्ही रोखायची पुरेशी व्यवस्था ठेवली होती. संचालकाच्या संमतीनं झालं असं सिद्ध झालं तर त्याला तीन ते सात वर्षं कैद. हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस ट्रेनिंगचं रजिस्टर भरलंय का नाही हे स्वतःहून विचारणार, त्याचीच मान अडकलेली असते.

"मग सत्यममध्ये काय तज्ज्ञ कमी होते का?"

काकांनी हेच विचारलं, आणि बरोबर विचारलं. सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन होते, देशाचे माजी कॅबिनेट सेक्रेटरी होते. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला चांगल्या कारभाराचं बक्षीस पण मिळालं होतं. १६ डिसेंबर २००८ ला याच मंडळानं मालक कुटुंबाच्या मायटास नावाच्या दोन कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायला एकमतानं मंजुरी दिली, भागधारकांनी आरडाओरडा केल्यावर काही तासांत सौदा मागं घ्यायला लागला. आणि ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आलं. पुस्तकात रोख आणि बँक शिल्लक दाखवली होती ५,३६१ कोटी, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

त्या स्वतंत्र संचालकांना हे माहीत होतं असं मी अजिबात म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. हुशारी भरपूर होती पण ती नेमकी इथं लागणारी हुशारी होती का, आणि ज्यानं बोलवून खुर्ची दिली त्याला अडचणीचा प्रश्न विचारायची सवय होती का? नाव मोठं असणं आणि बँकेकडनं शिल्लकेचा दाखला थेट मागवून बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं उदाहरण तर आपल्या ओळखीचंच, एन्रॉन. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळं महाराष्ट्रात पोराटोरांना हे नाव माहीत होतं. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत ही कंपनी बुडाली तेव्हा तिच्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष होते स्टॅनफर्डचे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेडिकी, म्हणजे याच्यापेक्षा मोठा जाणकार कुठनं आणायचा. आणि त्याच कमिटीत होत्या वेंडी ग्रॅम, ज्या आधी वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या प्रमुख होत्या, त्यांचे पती फिल ग्रॅम तेव्हा टेक्सासचे सिनेटर. ज्ञान पण होतं, राजकीय वजन पण होतं, आणि आकडे आतनं पोकळ.

म्हणून माझं मत असं की तज्ज्ञपणा हा नुसता असून उपयोगाचा नाही, त्याला वेळ पाहिजे आणि मोकळीक पाहिजे. वेळेचं कायद्यानं थोडं बघितलंय, एका माणसाला सातपेक्षा जास्त लिस्टेड कंपन्यांत स्वतंत्र संचालक होता येत नाही. (सात तरी एवढ्या कशाला, तीनशे पानांचे सात अहवाल आणि वर्षभराच्या मिटिंगा धरल्या तर माणूस वाचणार कधी?) मोकळिकीचं कायदा बघू शकत नाही, ती नात्यांवर ठरते.

राजकीय नातं आलं की नेमकं काय होतं

त्या बँकवाल्या साहेबांचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांची मुदत संपली, परत घेतलं नाही. त्या खुर्चीत आले ते गृहस्थ स्वभावानं चांगले होते, पण त्यांचे मेहुणे राजकारणात मोठ्या पदावर, आणि ते आले कशासाठी हे ऑफिसच्या शिपायाला पण माहीत होतं. त्यांनी कधी कुणाला काही करू नका असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण मंडळात प्रश्न विचारणं आपोआप थांबलं, आणि सहा महिन्यांत ते बिल परत सुरू झालं, दुसऱ्या नावानं.

नातं असं काम करतं, कुणी तोंड बंद करायला लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे छत्री मिळते. चौकशी होणार नाही, झाली तर मिटेल असं वाटायला लागलं की माहिती देऊन स्वतःला सुरक्षित करायची गरजच वाटत नाही. २०११ मध्ये तीन अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे हिशेब तपासून दाखवलं होतं की राजकीय लागेबांधे असलेल्या कंपन्यांचे हिशेब बाकीच्यांपेक्षा कमी भरवशाचे असतात, आणि त्याहून लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे हिशेब असे असून पण त्यांना कर्ज महाग पडत नाही. साध्या कंपनीनं लपवाछपवी केली तर बँक जास्त व्याज लावते, यांना ती शिक्षाच होत नाही, मग स्वच्छ लिहायचं कशासाठी?

दुसरी गोष्ट, नातं हीच मालमत्ता असते. रेमंड फिस्मन या अभ्यासकानं २००१ मध्ये इंडोनेशियाचा अभ्यास छापला होता. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो आजारी असल्याची अफवा आली की त्यांच्या जवळच्या कंपन्यांचे शेअर बाकीच्यांपेक्षा जास्त पडायचे. म्हणजे कारखाना तोच, माल तोच, कामगार तेच, तापाची बातमी एका माणसाची आणि किंमत कमी झाली कंपनीची. जी मालमत्ता अशी आहे ती अहवालात लिहून ठेवता येत नाही, लिहिली की तिची किंमत गेली.

पण याची उलटी बाजू पण आहे आणि ती सांगितली पाहिजे. राजकीय माणूस मंडळावर असला की पेपरवाले, विरोधक, सगळ्यांचे डोळे कंपनीकडं लागतात, आणि मग काही कंपन्या उलट जास्तच लिहायला लागतात, आमचं धोरण, आमची शपथ, आमची कार्यशाळा, फोटो. म्हणूनच वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत उत्तर एकसारखं येत नाही, कुठं पानं कमी भरतात कुठं जास्त. माझा अनुभव असा की पानं मोजायची नाहीत, आकडे मोजायचे. दहा पानं धोरण आणि आकडा एक पण नाही, याच्यापेक्षा दीड पान आणि त्यात "२७ तक्रारी आल्या, १९ निकाली, ४ जणांना काढलं" असं काही असलं तर ते मला जास्त विश्वासाचं वाटतं. धोरण कागदावर सीमेन्स या जर्मन कंपनीकडं पण होतं, तरी लाचखोरीच्या प्रकरणात २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीत मिळून १६० कोटी डॉलरच्या आसपास दंड भरायला लागला.

"अहो पण पुढाऱ्याशिवाय कुठलं काम होतंय?"

हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा आक्षेप आणि मी तो उडवून लावणार नाही. सांगली-साताऱ्यात कारखाने, बँका, दूध संघ, शाळा, सगळं सहकारातनं आणि राजकारणातनंच उभं राहिलंय, ज्यांनी उभं केलं त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली. संचालक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पुढारीच येतो. शिवाय माजी सनदी अधिकाऱ्याला सरकारी नियम आतनं माहीत असतात, ते ज्ञान कंपनीच्या कामाचं असतं, आणि कित्येकदा "हे असं करू नका, अडकाल" असं सांगणारा तोच असतो. म्हणजे राजकारण किंवा सरकारी ओळख म्हणजे भ्रष्टाचार असं समीकरण मांडणं अन्यायाचं आहे.

माझं म्हणणं एवढंच की ओळख उघड असू दे, आणि ज्याची ओळख आहे तो तक्रारपेटीच्या चावीजवळ नको. मंडळावर बसा, सल्ला द्या, पण ऑडिट कमिटीत नको. सहकारात ही जाणीव थोडी तरी आलेली आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनं २१ संचालकांशिवाय दोन तज्ज्ञ संचालक घ्यायची सोय केली, बँकिंग, वित्त, व्यवस्थापन जाणणारे. आता त्या दोन जागांवर आपल्याकडं बऱ्याचदा ज्याची निवडणुकीत सोय लावायची राहिली त्याला घेतात, हे पण आपण बघतो, आणि ही त्या तरतुदीची थट्टा आहे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२१ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी तर स्पष्टच सांगितलं की खासदार, आमदार, महापालिकेचे सदस्य यांना मॅनेजिंग डायरेक्टर किंवा पूर्णवेळ संचालक करू नका. मोठ्या खाजगी कंपन्यांच्या ऑडिट कमिटीसाठी असं काहीतरी का नसावं?

देणगीचा ठराव पण याच टेबलावर होतो

इलेक्टोरल बॉन्डचा (देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायचे रोखे) विषय पेपरात एवढा गाजला पण एक गोष्ट राहूनच गेली. कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणं राजकीय पक्षाला देणगी द्यायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. म्हणजे देणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या मंडळाला ते माहीत होतं, आपल्याला, म्हणजे मालकी हक्क असलेल्या भागधारकांना, माहीत नव्हतं. २०१७ च्या दुरुस्तीनं पक्षाचं नाव लिहायची अट काढली आणि आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा पण काढली. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १५ फेब्रुवारी २०२४ ला बॉन्डची योजना आणि ही दुरुस्ती दोन्ही घटनाबाह्य ठरवली.

त्यामुळं आता नफा-तोट्याच्या पत्रकात देणगी आणि पक्षाचं नाव बघता येतं. ते आणि संचालकांची यादी शेजारी ठेवून बघा.

"खरं लिहिलं तर शेअर पडंल की"

पडेल कदाचित, दोन दिवस. पण विचार करा, यात्रा कमिटीनं फलकावर हिशेब लावताना लिहिलं की "मंडपवाल्यानं ४,००० जादा लावले होते, भांडून कमी करून घेतले", तर वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो का कमी होतो? पुढच्या वर्षी वर्गणी जास्त गोळा होते. आणि ज्या गावात फलकच लागत नाही तिथं एक दिवस थेट हाणामारी होते. कंपनीचं पण असंच, छोट्या तक्रारी वर्षाला थोड्या थोड्या बाहेर येत राहिल्या तर धक्का लहान, सगळं एकदम फुटलं तर सत्यम, जिथं जानेवारीतल्या त्या एका दिवसात लोकांच्या आयुष्याची बचत गेली.

आणि लाच दिली असा कबुलीजबाब कुणी मागत नाहीये. तक्रारी किती आल्या, कुणी तपासल्या, पुढं काय केलं, एवढंच.

आपल्यासारख्या शंभर शेअरवाल्यानं बघायचं काय

काकांनी वहीत उतरवून घेतलं त्या क्रमानं सांगतो. सुरुवात भ्रष्टाचाराच्या रकान्यानं करायचीच नाही, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालात एक तक्ता असतो, कुठल्या संचालकाकडं कुठलं कौशल्य, नावानिशी, तो काढायचा. सगळ्यांपुढं सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण असली तर तो तक्ता भरायचा म्हणून भरलाय, त्याला काही किंमत नाही. ऑडिट कमिटीत कोण आहे आणि त्यातले किती जण किती मिटिंगांना हजर होते ते तिथंच मिळतं.

मग सभेच्या नोटिशीत नेमणूक किंवा फेरनेमणूक होणाऱ्या संचालकाची माहिती असते, अनुभव, बाकीच्या कंपन्या, संचालकांचं आपसातलं नातं. राजकीय नातं तिथं नसतं, पण निवडणूक लढवलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळ्यांना बघता येतं, त्यात पती-पत्नीच्या उत्पन्नाचे स्रोत असतात. आपल्या भागातल्या माणसाला तर कुणाचं कोण लागतं हे साइटपेक्षा जास्त कळतं.

ऑडिटरच्या अहवालाला एक जोडपत्र असतं, कारो म्हणतात त्याला, त्यात ऑडिटरला सांगायला लागतं की वर्षात गुप्त तक्रारी आल्या असतील तर त्या विचारात घेतल्या का. इथं "तक्रारी विचारात घेतल्या" असं असेल आणि पुढं बीआरएसआरमध्ये सगळं कोरं असेल तर थांबायचं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण मधली गोष्ट कुणीतरी सांगितली पाहिजे. आणि एक कोटी किंवा त्याहून मोठा घोटाळा दिसला तर ऑडिटरला थेट केंद्र सरकारला कळवायला लागतं, त्याखालचा असेल तर तो संचालकांच्या अहवालात यायला लागतो, त्या परिच्छेदाकडं पण एक नजर.

शंभर शेअरला कोण विचारतंय, असं काका म्हणाले. पण लिस्टेड कंपनीत स्वतंत्र संचालक नेमायला १ जानेवारी २०२२ पासून विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधापेक्षा तिप्पट मतं बाजूनं पडली पाहिजेत, आणि तेवढी नाही पडली तर नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर एकूण मतांत आणि प्रमोटर सोडून बाकीच्या भागधारकांच्या मतांत, दोन्हीकडं बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त लागतात, तेव्हा मोठे फंड नाराज असले तर लहान मतांना वजन येतं. मत घरबसल्या मोबाईलवरनं देता येतं. आणि व्हिडिओवर होणाऱ्या सभेत बोलायचं असेल तर नोटिशीत दिलेल्या मेलवर आधी नाव नोंदवायचं, कारखान्याच्या सभेतल्यासारखं "मंजूर, मंजूर" च्या गलक्यात माईक ओढून घ्यायला लागत नाही.

काकांनी त्याच दिवशी माझ्यासमोर कंपनी सेक्रेटरीला मेल लिहिला, मराठीत सांगितला आणि मी इंग्रजीत टाईप केला. प्रश्न दोनच होते. वर्षभरात गुप्त तक्रारीच्या सोयीतून भ्रष्टाचाराबद्दल किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती ऑडिट कमिटीपुढं गेल्या? आणि पोलिसांत न जाता कंपनीनं स्वतः किती जणांना या कारणासाठी काढलं? खाली नाव, फोलिओ नंबर, शेअर १२०. सभा पुढच्या मंगळवारी अकरा वाजता आहे, वक्ते म्हणून त्यांचं नाव नोंदवून झालंय, आणि आमच्या घरचं वायफाय जास्त नीट चालतं म्हणून ते साडेदहालाच इकडं येणार आहेत.